इंजिनाला दिलेलं औषध

सोलापुरातून मंगळवेढ्याकडे निघालं आणि सीना ओलांडली की जमीन सपाट होते. इतकी सपाट, की समोरून येणारी मोटार आधी धुळीचा ठिपका असते, मग धुळीचं झाड होते, आणि त्यानंतर कुठे तिला चाकं दिसू लागतात. या रस्त्यावर सात वर्षं एक करडी लँडमास्टर टॅक्सी धावत होती. ती लांबून दिसली की शेतातली माणसं म्हणायची, गुरप्पा आला. मोटार आली असं कुणी म्हणत नसे.

गुरप्पा हौदे अक्कलकोटच्या खालच्या अंगाचा, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलखातला. बापाकडे दोन बैलजोड्या होत्या. हा अठराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून चढला तो परत नांगराला लागला नाही. पुढे एका गिरणीवाल्या शेठची गाडी त्याने अकरा वर्षं चालवली. शेठ काही वाईट माणूस नव्हता. पण रोज संध्याकाळी गाडी धुऊन, पुसून, किल्ली शेठच्या बैठकीतल्या खिळ्याला अडकवून घरी जायचं, आणि सकाळी ती मागून घ्यायची, हे गुरप्पाला सलत राहिलं. जी गाडी आपल्या हाताखाली इतकी शहाण्यासारखी वागते तिची किल्ली आपल्या कमरेला का नसावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा वाटणीला आलेला जमिनीचा तुकडा भावाला देऊन गुरप्पाने ही जुनी लँडमास्टर घेतली. त्या दिवसापासून किल्ली त्याच्या करदोट्याला होती.

म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. ती गाडी गेली असती तर गुरप्पाला परत कुणाच्या तरी बैठकीतला खिळा बघावा लागला असता. जमीन उरली नव्हती, दुसरं काही येत नव्हतं. आणि लँडमास्टर निघायची बंद होऊन वर्षं झाली होती. तिचं इंजिन बसलं तर दुसरं मिळण्यासारखं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ते इंजिन कुरकुरू लागलं. मैलांचे आकडे एकदा शेवटापर्यंत जाऊन पुन्हा शून्यावरून निघाले होते. सकाळी गाडी सुरू केली की वरून टकटक यायची, नळीतून निळसर धूर निघायचा, आणि तेल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिला तेलाऐवजी काळं लोणी लागलेलं असायचं. दस्तगीर मिस्त्रीने बॉनेट उघडून ऐकलं, पट्टीचा वास घेतला आणि इंजिन उतरवून खोलायला सांगितलं. म्हणजे महिनाभर गाडी उभी. गुरप्पाने तिकडे कानाडोळा केला.

त्याच सुमाराला मोटारीच्या सामानाच्या एका दुकानात इंजिन आतून धुण्याचं औषध आलं. छोटा पत्र्याचा डबा, त्यावर इंग्रजी अक्षरं. दुकानातल्या माणसाने नीट समजावून सांगितलं होतं. डबा जुन्या तेलात ओतायचा, गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन दहा मिनिटं हळू चालवायचं, मग सगळं तेल सोडून द्यायचं आणि नवं भरायचं. गुरप्पाने औषध घेतलं, नव्या तेलाचा डबा घेतला आणि जाता जाता औषध दस्तगीरला दाखवलं. दस्तगीरने डबा हातात फिरवून परत दिला.

"पुराने इंजिन को नहलाव नक्को, गुरप्पा. मैलच उसके जोडां पकडको बैठा है."

मळानेच म्हणे जुने सांधे धरून ठेवलेत! गुरप्पा हसला. मिस्त्रीला इंजिन खोलायचं काम हवंय, असं त्याच्या मनात आलं. ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण दस्तगीरला ते कळायचं राहिलं नसावं.

आता यातली चूक कशी झाली ते सांगतो. ती शहरातल्या माणसाने केली नसती. शहरातल्या माणसाने दुकानदाराचं ऐकलं असतं.

ज्येष्ठी पुनवेला आमच्या या पट्ट्यात कारहुणवी असते, म्हणजे कानडी बेंदूर. त्या दिवशी बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, आणि काही झालं तरी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गुरप्पाचा बाप त्या सकाळी बांबूच्या नळीने बैलांच्या घशात हळद आणि तेलाचं औषध ओतायचा. पोट साफ करायचं औषध. ओतलं की बैलाला उभं राहू द्यायचं नाही, बसू तर मुळीच द्यायचं नाही. कासरा धरून त्याला ओढ्यापर्यंत न्यायचं आणि आणायचं, न्यायचं आणि आणायचं, औषध अंगात फिरेपर्यंत. लहानपणी ते काम गुरप्पाकडे असायचं. त्यामुळे औषध पाजून इंजिन जागेवर उभं ठेवायचं, हे त्याला पटेना. दुकानात बसून औषध विकणाऱ्याला जनावराचं काय कळतं, असं तो मनाशी म्हणाला. कारहुणवीच्या सकाळी त्याने गाडी धुतली, बॉनेटवर हळदीची बोटं ओढली, औषधाचा डबा इंजिनात रिकामा केला आणि स्टँडवर येऊन मंगळवेढ्याची माणसं भरली. जाऊन येऊन अडुसष्ट मैल. औषध चांगलं फिरेल, संध्याकाळी घरी गेल्यावर तेल सोडू. नव्या तेलाचा डबा आणि पाने त्याने डिकीत टाकले.

त्या दिवशी गाडीत दोनच माणसं मिळाली. पुढे रावजी, तहसील कचेरीतला कारकून, पांढऱ्या विजारीत, मांडीवर नव्या सोलापुरी चादरींची गठडी. मेव्हण्याच्या लग्नात आहेर करायचा होता. मागे केराबाई, माचणूरची म्हातारी, लेकीचं बाळंतपण उरकून परत निघालेली. चालत्या गाडीत तिची जीभही चालू असायची.

तिऱ्ह्यापर्यंत गाडी इतकी गोड चालली की गुरप्पाला दस्तगीरची कीव आली. टकटक गेली होती. धूरही कमी वाटत होता. कामती मागे पडली आणि त्याची नजर सहज तेलाच्या दाबाच्या काट्यावर गेली. काटा रोज मध्यावर असायचा. आज तो मध्याच्या खाली होता.

ऊन आहे, तेल पातळ झालं असेल, असं म्हणून त्याने वेग कमी केला. मैलभर गेल्यावर काटा आणखी खाली आला. मग वरची टकटक परत आली, पण नेहमीची नव्हे. नेहमीची टकटक म्हणजे म्हातारी सुपारी कुटतेय असं वाटायचं. ही कोरडी होती, पत्र्यावर खडे पडल्यासारखी. गुरप्पाने बाकी काही विचार न करता किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. गाडी आपल्या वजनाने घरंगळत गेली आणि बाभळीच्या विरळ सावलीत थांबली.

रावजीने घड्याळ बघितलं. केराबाईने विचारलं, कोण चढणार हाय का.

गुरप्पाने पट्टी काढून बघितली. तेल भरपूर होतं. पाण्यासारखं पातळ झालं होतं, पण होतं. थोडं थांबून त्याने गाडी सुरू केली, तर काटा झटक्यात मध्यावर आला. गुरप्पाचा जीव भांड्यात पडला. पण अर्धा मैल जातो न जातो तोच काटा पुन्हा उतरू लागला, या वेळी जास्त वेगाने. पुन्हा बंद. पुन्हा थांबणं. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा काटा वर आला तो दोन फर्लांग टिकला नाही, आणि त्या दोन फर्लांगांत गुरप्पाला तळातून एक आवाज आला. ठक. मोजून एकदाच, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. जाड लाकडावर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. त्याने गाडी थांबवली आणि किल्ली बाहेर काढून मुठीत धरली.

आता त्याला कळलं होतं. औषधाने इंजिनातली वर्षानुवर्षांची घाण सोडवली होती. ती सगळी तळातल्या चेंबरमध्ये उतरली होती, आणि तेल ज्या जाळीतून वर ओढलं जातं त्या जाळीवर बसली होती. इंजिन थांबलं की ती जरा सुटायची, सुरू झालं की ओढ लागून पुन्हा चिकटायची. जागेवर दहा मिनिटं चालवून तेल सोडलं असतं तर यातली बरीच घाण बाहेर गेली असती. आता वर तेल जात नव्हतं. फिरणारा दांडा कोरडा पडत होता. आणखी मैलभर हाकली तर बेरिंग वितळतील, दांडा जागीच अडकून बसेल, आणि मग ते इंजिन नसेल, लोखंड असेल.

रावजी खाली उतरला होता. बेगमपूर चार मैलांवर आहे, आता चालू होतेय तर तेवढी ओढून घ्या की, थांबत थांबत का होईना, असं त्याचं म्हणणं. बारा वाजता लग्न होतं. गुरप्पाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो गाडीच्या दारावर हात ठेवून कानडीत पुटपुटत होता, ताळव्वा, ताळ, म्हणजे दम धर, आई.

"गाडीला म्हनतोय त्यो," केराबाई रावजीला म्हणाली, "तुमाला न्हाय म्हनला. तुमी कशाला वळून बगताय."

जाळी धुवायची तर चेंबर खाली उतरवायचा, आणि त्यासाठी गाडीच्या पोटाखाली शिरायला जागा हवी. सपाट रस्त्यावर ते होणार नव्हतं. समोर दोन फर्लांगांवर एक वस्ती दिसत होती आणि वस्तीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, गेल्या दुष्काळाच्या कामात खोदलेला कमरेएवढा चर होता. गाडी त्या चरावर दोन्ही बाजूंना चाकं टेकवून उभी केली तर झालं. पण इंजिन सुरू न करता तिथपर्यंत न्यायची कशी? गुरप्पा वस्तीकडे चालू लागला.

वस्ती कोंडीबाची. अंगणात सहा बैल ओळीने बांधलेले, शिंगं हिरवी-लाल, अंगावर हुरमुजाचे तांबडे ठिपके, गळ्यात घुंगरांचे पट्टे. पुढ्यात पुरणपोळीचं पान. गुरप्पाने ते बघितलं आणि त्याची पावलं अडखळली. शेतकऱ्याचा मुलगा तो. आज काय मागायचं नसतं ते त्याला पाठ होतं. तरी त्याने मागितलं. एकच जोडी, दोन फर्लांग, गाडीला दोर बांधून.

कोंडीबा साठीच्या घरातला, काटकुळा माणूस. त्याने हातातलं रंगाचं डबडं खाली ठेवलं. मग गाडीला काय झालंय ते विचारलं. गुरप्पाने सगळं सांगितलं. औषध पाजलं, बैलासारखं फिरवलं, तेही सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित त्या अंगणात खोटं बोलवलं नसेल.

कोंडीबा म्हणाला, "फिरवायचा असतोय, व्हय. पन औशद दिल्याला बैल आमी मोकळा फिरवतो. जुंपत न्हाय की त्याला."

गुरप्पाने मान खाली घातली. बाप बैल ओढ्यावर न्यायचा तेव्हा त्यांच्या मानेवर काही नसायचं. आपण मात्र औषध पोटात असतानाच गाडीला माणसं, सामान आणि चौतीस मैलांचं ऊन जुंपलं. दुकानदाराचं ऐकलं नाही, आणि बापाचंही अर्धंच घेतलं.

"बैल मिळायचा न्हाय," कोंडीबा पुढे म्हणाला. "पोरं मिळतील."

त्याचे तीन मुलगे आणि दोन पुतणे आले. हातात अजून हळद होती. गाडीच्या मागे पाच जण लागले, गुरप्पा दारातून हात घालून सुकाणू धरून चालला. रावजीने गठडी आधी नीट टपावर ठेवली, बाह्या दुमडल्या आणि मडगार्डला दोन बोटं लावली. तुमी जोर लावू नका, गाडी पुढं पळंल, असं केराबाई मागून म्हणाली. तेव्हा त्याने तळवे टेकले.

चरावर गाडी आली आणि गुरप्पा चरात उतरला. आधी तेल सोडलं. ते डांबरासारखं आलं, मग पाण्यासारखं, मग पुन्हा डांबरासारखं. चेंबरचे बोल्ट एकेक करून त्याने वर दिले ते केराबाईने पदरात घेतले. चेंबर खाली आला तेव्हा आत बोटभर काळा गाळ होता आणि जाळीवर गाळाची अशी साय धरली होती की जाळीचं एक भोक दिसत नव्हतं. गुरप्पाने गाळ चिमटीत घेऊन अंगठ्याने पसरला आणि उन्हात धरला. त्यात चार-दोन कण चमकले. बेरिंगचा धातू. किती गेला, ते यावरून कळत नाही. नखाएवढा गेला असेल, नाहीतर सगळा गेला असेल.

तो पुन्हा आत सरकला. उघड्या इंजिनाखाली उताणा पडून एकेक जोड हाताने हलवून बघू लागला, कुठलं बेरिंग गेलंय ते कळावं म्हणून. पहिला घट्ट. दुसरा घट्ट. तिसऱ्याला हात लावतो तोच वरून कोंडीबाचा धाकटा ओरडला की वावटळ येतेय.

पश्चिमेकडून नांगरटीची सगळी धूळ उचलून एक तांबूस भिंत येत होती. पोट उघडं असलेल्या इंजिनात ती माती गेली असती तर जाळी धुवून काही उपयोग नव्हता. गुरप्पा चरातून ओरडला की काहीतरी आडवं धरा, काहीही. अंगणातली वाकळ आणायला एक पुतण्या पळाला, पण वाकळ एक आणि गाडीच्या बाजू चार.

सगळ्यांनी टपावरच्या गठडीकडे बघितलं. रावजीने ती छातीशी धरली.

"आहेराच्या हायेत," तो म्हणाला.

"मग नवरदेवालाच धरायला बोलवा," केराबाई म्हणाली.

रावजीने गठडी बॉनेटवर ठेवली. मग त्याने स्वतःच गाठ सोडली. चार नव्या चादरी, मोराच्या, कमळाच्या, दारांत वरून चिमटून खाली चाकांपाशी पायांनी दाबून धरल्या, आणि वावटळ आली. काही वेळ कुणालाच काही दिसलं नाही. चादरी फुगत होत्या, हातातून ओढल्या जात होत्या. आतमध्ये अंधारात गुरप्पा दोन्ही तळहात आणि आपला शर्ट उघड्या दांड्यांवर पसरून पडला होता. तोंडात माती जात होती, डोळे मिटलेले. तिसऱ्या जोडावर त्याची बोटं होती. त्याने तो हळूच वर-खाली केला. तो हलला. केसभर, पण हलला.

वावटळ गेली. जोड हलल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही.

टाकीतलं पेट्रोल काढून जाळी धुतली, चेंबर पुसला. फाटलेल्या पॅकिंगवर सुताचा दोरा बसवून वर कोंडीबाच्या घरचा साबण चोळला, आणि बोल्ट आवळले. नवं तेल भरलं. मग किल्ली न लावता पुढून हँडल घालून कोंडीबाच्या थोरल्याकडून इंजिन नुसतंच फिरवून घेतलं, तेल आधी वर चढावं म्हणून. फिरवणाऱ्याला घाम फुटला तरी गुरप्पा पुरे म्हणेना. शेवटी तो गाडीत बसला. रावजी, केराबाई, वस्तीची सगळी माणसं काचांपाशी वाकून त्या एवढ्याशा काट्याकडे बघत होती. काटा कशाचा ते कुणाला माहीत नव्हतं.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन लागलं. काटा तळाशीच होता. गुरप्पाचा अंगठा किल्लीवर होता, कोणत्याही क्षणी बंद करायच्या तयारीत. मग काटा थरथरला, निघाला, मध्याच्या थोडा अलीकडे येऊन स्थिर राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. उतरला नाही.

पोरं हसू लागली तेव्हा गुरप्पाने हात वर करून त्यांना गप्प केलं. उतरून त्याने बैल हाकायच्या पुराणीची काठी मागून घेतली, एक टोक इंजिनाच्या अंगाला लावलं आणि दुसरं कानाला. खूप वेळ तो तसाच उभा होता. आत खोल कुठेतरी, गरम होऊ लागल्यावर, ते होतं. ठक. बारीक, पण होतं.

त्याने काठी परत केली. रावजीला आणि केराबाईला सांगितलं की मी आता ओझं घेणार नाही, पुढची एसटी येईल, तिला हात करून देतो. रावजी चिडला. लग्न तर कधीच लागून गेलं होतं, चादरींवर तांबडी माती बसली होती. गुरप्पाने ऐकून घेतलं. या वेळी गाडीत एकही माणूस बसवायचा नाही, एवढंच त्याला कळत होतं, आणि त्यावरून तो हलला नाही. केराबाई एसटीत चढताना कंडक्टरला म्हणाली की हा ड्रायव्हर शहाणा आहे, उशिरा झाला एवढंच.

तो मोकळी गाडी घेऊन परत फिरला. ताशी पंधरा मैलांनी. ठक जरा वाढली की थांबायचा, इंजिन निवू द्यायचा, पट्टी बघायचा, पुन्हा निघायचा. सायकली त्याला मागे टाकत होत्या. सीनेच्या पुलावर आला तेव्हा सूर्य टेकला होता. गाडी घरी न नेता त्याने ती दस्तगीरच्या दारात उभी केली, आणि विचारायच्या आधीच सगळं सांगितलं. औषध, कारहुणवी, अडुसष्ट मैलांचा बेत, तिसरा जोड.

दस्तगीरने दुसऱ्या दिवशी चेंबर उतरवला. एक बेरिंग अर्धं झिजलं होतं. दांड्यावर ओरखडा होता, पण बोटाला लागेल एवढा खोल नव्हता. आणखी दोन मैल हाकली असती तर मला बोलवायची गरज नव्हती, भंगारवाल्याला बोलवलं असतंस, असं तो म्हणाला. बेरिंग शोधून बसवायला त्याला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस गुरप्पा रोज सकाळी त्याच्या गॅरेजात जाऊन एका उलट्या डब्यावर बसायचा आणि संध्याकाळी उठायचा. मध्ये एकदा गिरणीवाल्या शेठच्या मुलाने निरोप पाठवला होता, नव्या गाडीला माणूस हवाय म्हणून. गुरप्पाने उत्तर दिलं नाही, पण निरोप आणणाऱ्याला नाहीही म्हटलं नाही. चहा पाजून पाठवलं.

दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता करडी लँडमास्टर स्टँडवर रांगेत चौथी उभी होती. घाण गेली होती, आणि ती धरून ठेवत होती ते जुने सांधे आता पाझरू लागले होते. इंजिनाखालून तेलाचा एकेक थेंब पडत होता. गुरप्पाने खाली एक पितळी ताटली सरकवली होती. मंगळवेढ्याचा नंबर लागेपर्यंत तो तिच्याशेजारी उकिडवा बसून होता. नंबर लागला तेव्हा त्याने ताटलीतलं तेल डब्यात ओतलं, हात पुसले, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, "बसा, बाई. सावकाश जाऊ."

ती बसली. तो बसला. काटा वर येईपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.